बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे

मलकापूरच्या स्टेशनावर उतरून बुलढाण्याची वाट धरली, म्हणजे प्रथम कित्येक कोस सपाट काळी जमीन लागते. कपाशीची आणि ज्वारीची शेते मागे पडतात, अजिंठ्याची डोंगररांग जवळ येऊ लागते आणि रस्ता राजूरचा घाट चढू लागतो. घाटमाथ्यावर वारा बदलतो. खाली वऱ्हाडचे ऊन अंग भाजून काढीत असते तेव्हाही वर बुलढाण्यास हवा बरीच सुखाची असते. इंग्रजी अमलात ह्या गावी जिल्ह्याचे ठाणे झाले. जिजाऊंचे सिंदखेड राजा ह्याच जिल्ह्यातले, आणि लोणारचे प्रसिद्ध सरोवरही येथलेच. ह्या दोन स्थळांची नावे तुम्हांपैकी बहुतेकांना ठाऊक असतील. परंतु खुद्द बुलढाणे गावात जन्मलेल्या, आणि वयाच्या बत्तिशीत एक लहानसे पुस्तक लिहून पुण्यातील पत्रकर्त्यांना जाब विचारणाऱ्या एका बाईंचे नाव मात्र कितीतरी वर्षे फारसे कोणाच्या ओठांवर नव्हते. त्या बाई म्हणजे ताराबाई शिंदे.

ताराबाईंचा जन्म १८५० सालचा. त्या वेळी वऱ्हाड प्रांत हैदराबादच्या निजामाच्या राज्यात मोडत असे. ताराबाई तीन वर्षांच्या झाल्या, तेव्हा फौजेच्या खर्चाची बाकी थकल्यामुळे निजामाने हा प्रांत इंग्रजांच्या हवाली केला. नवे राज्य आले म्हणजे नव्या कचेऱ्या येतात. कचेऱ्या आल्या म्हणजे कागद येतात. आणि कागद आले म्हणजे ते लिहिणारी आणि वाचणारी माणसे लागतात. ताराबाईंचे वडील बापूजी हरी शिंदे हे अशा लिहित्या माणसांपैकी एक होते. बुलढाण्यास डेप्युटी कमिशनरच्या कचेरीत ते हेडक्लार्क होते. घराणे मराठ्यांचे, रीतिरिवाज सांभाळणारे. घरात चार मुलगे आणि एकच मुलगी. ती ही तारा.

त्या काळची शाळा कशी होती हे तुम्हांला थोडे सांगितले पाहिजे. जुन्या पंतोजींच्या शाळेत धूळपाटीवर अक्षरे गिरवावयाची, बोरूने मोडीचे वळण घटवावयाचे, आणि संध्याकाळी परवचा म्हणावयाचा. पावकी, निमकी, दिडकी, औटकी हे अपूर्णांकांचे पाढे मुलांना असे तोंडपाठ असत की बाजारात हिशेब करताना कागद लागत नसे. ही विद्या टाकाऊ होती असे मुळीच नव्हे. गावाला हिशेब करणारा हवा असे, पत्र लिहिणारा हवा असे, आणि ती गरज ती शाळा भागवीत असे. पुढे इंग्रजी अमलात सरकारी शाळा निघाल्या. त्यांत छापील पुस्तके आली, व्याकरण आले, भूगोल आला. पण पाठ करून म्हणून दाखविण्याची रीत फारशी बदलली नाही. शाळेकडून समाजाला काय हवे होते, तर कारकून, मास्तर आणि पाटील-कुळकर्ण्यांचे लिखाण समजणारी माणसे. ते शाळेने दिले. आपल्या मनाने विचार करणारी माणसे हवीत असे कोणी मागितले नव्हते, म्हणून ती कोणी मुद्दाम घडविलीही नाहीत.

मुलींची तर कचेरीत गरजच नव्हती. मग त्यांच्यासाठी शाळा तरी कोण काढणार? ताराबाईंच्या लहानपणी बुलढाण्याच्या आसपास मुलींची शाळा नव्हती. मुलगी शिकली तर घर बुडते, विधवा होते, अशी समजूत चांगल्या चांगल्या घरांतून होती. अशा दिवसांत बापूजींनी आपल्या लेकीला घरीच शिकविण्यास आरंभ केला. त्यांनी तिला मराठी शिकविले, संस्कृत शिकविले आणि इंग्रजीही शिकविले.

बापूजींना हे धैर्य कोठून आले, हे समजण्यासाठी आपणांस थोडा वेळ बुलढाणे सोडून पुण्यास गेले पाहिजे. पुण्यात १८४८ साली जोतीराव फुले आणि सावित्रीबाई फुले ह्यांनी मुलींची शाळा काढली होती. पुढे त्यांनी अस्पृश्य मानलेल्या जातींतील मुलामुलींसाठीही शाळा चालविल्या. त्या शाळांत काय प्रकारचे शिक्षण मिळत असे, ह्याचा एक पुरावा आजही वाचावयास मिळतो. मुक्ता नावाची एक मांग समाजातील मुलगी, तुमच्याहून वयाने फार मोठी नसलेली, तेथे जेमतेम तीन वर्षे शिकली. तिने आपल्या लोकांच्या दुःखाविषयी एक निबंध लिहिला आणि तो १८५५ साली ‘ज्ञानोदय’ पत्रात छापून आला. ज्या धर्माचे ग्रंथ वाचण्याचाच आपणांस अधिकार नाही, तो धर्म आपला कसा, अशा अर्थाचा प्रश्न त्या मुलीने त्यात विचारला होता. तीन वर्षांत अक्षरओळख करून देणारे शिक्षक पुष्कळ असतील; पण असा प्रश्न मनात येऊ देणारे, आणि आला तर तो दडपून न टाकणारे शिक्षक फार थोडे.

जोतीरावांनी १८७३ साली सत्यशोधक समाज स्थापन केला. बापूजी शिंदे ह्या समाजाचे सभासद होते. त्याआधी दोन वर्षे, १८७१ साली, त्यांनी शिकलेल्या देशबांधवांना उद्देशून एक पुस्तकही प्रसिद्ध केले होते. म्हणजे ज्याने स्वतः शिकून कचेरीत मोठी जागा मिळविली, तोच गृहस्थ शिकलेल्या लोकांना विचारीत होता की तुमच्या शिकण्याचा इतरांना काय उपयोग. अशा बापाच्या हाताखाली तारा शिकली.

ह्या घरच्या शाळेचे एक वैशिष्ट्य माझ्या मनात नेहमी घोळते. तिच्यात परीक्षा नव्हती, आणि परीक्षेनंतर मिळावयाची नोकरीही नव्हती. मुलगे शिकत ते पुढे कोठेतरी पोचावयाचे म्हणून; त्यांच्या विद्येला एक मुक्काम ठरलेला असे. ताराबाईंच्या विद्येला असा मुक्काम नव्हता. मराठीमुळे वर्तमानपत्रे आणि नव्या कादंबऱ्या हाती आल्या, संस्कृतामुळे ज्या शास्त्रांचा धाक बायकांना घातला जाई ती शास्त्रे केवळ ऐकीव राहिली नाहीत, आणि इंग्रजीमुळे नव्या राज्यकर्त्यांचे जग थोडे तरी उघडे झाले. एवढे सारे शिकून त्या बसल्या होत्या घरातच. मग त्या विद्येने एकच काम करावयाचे उरले, ते म्हणजे विचार.

त्या काळच्या चालीप्रमाणे ताराबाईंचे लग्न लहान वयातच झाले. मात्र त्या सासरी गेल्या नाहीत. जावईच शिंद्यांच्या घरी येऊन राहिले. त्यामुळे इतर लेकीसुनांपेक्षा त्यांना थोडी मोकळीक लाभली. तरीही मराठ्यांच्या अब्रूदार घरातील बाईने उंबरठ्याबाहेर फारसे पडू नये, परक्या पुरुषासमोर येऊ नये, हा दंडक होताच. आपण घराच्या चौकटीत अडकलेली बाई आहोत, ह्याची जाणीव त्यांनी पुढे आपल्या पुस्तकाच्या प्रस्तावनेतही दिली आहे. परंतु बाई घराबाहेर पडत नसली तरी बाहेरचे जग घरात येत होते. १८६७ साली मुंबईकडून आलेला लोहमार्ग वऱ्हाडातून नागपूरपर्यंत पोचला होता आणि तो मलकापुरावरून जात होता. पुण्यामुंबईची पत्रे आता वऱ्हाडात काही दिवसांत येऊ लागली.

अशाच एका पत्रातून १८८१ साली एक बातमी बुलढाण्यास येऊन पोचली. गुजराथेत सुरत येथे विजयालक्ष्मी नावाच्या एका तरुण ब्राह्मण विधवेवर खटला झाला होता. त्या काळी उच्च मानलेल्या जातींत विधवेला पुन्हा लग्न करता येत नसे. १८५६ साली सरकारने विधवाविवाहाला कायद्याची संमती दिली होती खरी, पण कायदा कागदावर आणि रूढी घराघरांत, अशी स्थिती होती. विजयालक्ष्मीला मूल झाले. लोकनिंदेच्या भयाने तिने आपल्या तान्ह्या बाळाचा जीव घेतला. खालच्या न्यायालयाने तिला फाशीची शिक्षा दिली. पुढे अपिलात ती शिक्षा सौम्य झाली.

अपराध भयंकर होता, ह्यात शंका नाही. परंतु ह्या खटल्यावर वर्तमानपत्रांतून जी चर्चा उठली ती विजयालक्ष्मीपुरती राहिली नाही. ‘पुणे वैभव’ नावाच्या पत्राने साऱ्याच स्त्रियांच्या नीतीवर कोरडे ओढले. एका बाईचा अपराध, आणि कलंक मात्र देशातल्या सगळ्या बायकांना! त्या बाईला अशा कोंडीत कोणी आणि कशाने लोटले, हा विचार त्या लिहिणाऱ्याला सुचला नाही. उत्तर देण्यास बायका पुढे येतील अशी भीती त्याला असण्याचे कारण नव्हते. कारण बायका लिहीत नसत.

बुलढाण्याच्या ह्या बाईने मात्र लेखणी उचलली. विजयालक्ष्मी त्यांच्या नात्याची नव्हती, जातीची नव्हती, प्रांताची नव्हती. स्वतः ताराबाईंना कोणी काही बोललेही नव्हते. तरीही हा घाव आपल्यावर आहे असे त्यांना वाटले, आणि त्यांनी एक निबंध लिहून काढला. त्याचे नाव ‘स्त्रीपुरुषतुलना’. पुण्याच्या श्री शिवाजी छापखान्यात १८८२ साली तो छापला गेला. प्रती पाचशे काढल्या आणि किंमत ठेवली नऊ आणे. सोळा आण्यांचा रुपया होत असे, हे तुम्ही आजीआजोबांकडून ऐकलेच असेल.

स्त्रिया आणि पुरुष ह्यांत खरे साहसी कोण हे दाखविण्यासाठी आपण लिहीत आहोत, असे ताराबाईंनी मुखपृष्ठावरच सांगून टाकले होते. येथे ‘साहसी’ हा शब्द पाहून तुम्ही चुकाल. आज आपण धाडसी, शूर माणसाला साहसी म्हणतो. ताराबाईंच्या काळी ह्या शब्दाला दुसराही अर्थ होता: मागचापुढचा विचार न करता दुष्कृत्य करणारा. म्हणजे अधिक अपराधी कोण, बाया की बुवा, असा तो रोखठोक सवाल होता.

आता त्यांनी युक्तिवाद कसा केला ते पाहा. रागावलेला माणूस बहुधा समोरच्याला नुसत्या शिव्या देतो. ताराबाई रागावलेल्या होत्याच. परंतु त्यांनी हातात तराजू घेतला. स्त्रियांवर जे जे दोष ठेवले जातात, ते एकेक करून त्यांनी एका पारड्यात टाकले आणि मग पुरुषांच्या वागणुकीकडे वळून दुसरे पारडे भरण्यास सुरुवात केली. चोरी, लाचलुचपत, दारू, फसवणूक, दंगेधोपे, तुरुंगात भरलेली माणसे, ही सारी कोणाची कर्तबगारी? घरात कोंडलेल्या बाईला अपराध करावयाचा म्हटला तरी त्याला वाव किती आणि पुरुषाला किती? दुसरे पारडे झरझर खाली जाते.

विधवेच्या हालांविषयी लिहिताना तर त्यांची लेखणी फार धारदार होते. नवरा मेला की बाईचे केस काढावयाचे, दागिने उतरावयाचे, शुभकार्यात तिचे तोंड पाहावयाचे नाही. ठीक आहे, त्या म्हणतात. पण बायको मेली तर पुरुषाने काय करावे? त्यानेही दाढीमिशी उतरून तोंड झाकून रानात का जाऊ नये? पण तो तर दहाव्या दिवशी दुसरी बायको घरात आणावयास मोकळा! सावित्रीने नवऱ्याचे प्राण मागण्यासाठी यमापर्यंत धाव घेतली, ही गोष्ट पुरुष बायकांना उठल्याबसल्या ऐकवितात. बायकोसाठी त्या वाटेने निघालेला एखादा नवरा कोणाच्या ऐकिवात आहे काय, असा प्रश्न ताराबाई करतात. ही कथा हजारो मुलामुलींनी पाठ केली असेल. तिच्या मोकळ्या राहिलेल्या बाजूकडे बोट दाखविण्याचे मात्र कोणाला सुचले नव्हते.

शास्त्रांनाही त्यांनी हाच न्याय लावला. नवरा हा बायकोचा देव, असे शास्त्र सांगते. मग देवासारखे वागण्याची जबाबदारी त्या देवावर नाही का? आणि ही शास्त्रे लिहिली कोणी? पुरुषांनीच. वयाने उतरलेल्या वराच्या गळ्यात कोवळ्या मुली बांधणाऱ्या आईबापांनाही त्यांनी सोडले नाही. नाटकांत आणि कादंबऱ्यांत स्त्रियांचे जे चित्र रंगविले जाई, त्याचाही त्यांनी समाचार घेतला.

एक गोष्ट मात्र ध्यानात घेतली पाहिजे. घर मोडावे, संसार सोडावा, ज्याला जसे वाटेल तसे त्याने वागावे, असे ताराबाईंचे म्हणणे नव्हते. निष्ठा, प्रेम, सदाचार ह्यांची घराला आणि समाजाला गरज आहे, हे त्यांना मान्यच होते. त्यांचे मागणे एवढेच की माप एक असावे. बायकोने निष्ठेने राहावे तर नवऱ्यानेही राहावे. दुकानदार घेताना एक माप आणि देताना दुसरे वापरू लागला तर बाजार मोडतो. घराचेही तसेच आहे. पुष्कळ लोक समजतात की जो स्वतंत्र विचार करतो तो समाजाची घडी विसकटतो. ह्या बाईंचे पुस्तक वाचताना मला तसे वाटत नाही. घडी विसकटलेलीच होती; ती तशी आहे हे त्यांनी बोलून दाखविले, एवढेच.

आणि त्या बोलल्या कोणत्या भाषेत? त्या काळी मराठी गद्याचा मोठा थाट होता. विष्णुशास्त्री चिपळूणकरांची ‘निबंधमाला’ १८७४ साली सुरू झाली होती, आणि भारदस्त, संस्कृतप्रचुर, तोलून मापून लिहिलेला निबंध म्हणजे उत्तम निबंध असे शिकलेली मंडळी मानू लागली होती. ताराबाईंना संस्कृत येत होते. त्यांनाही तसे लिहिण्याचा मोह पडू शकला असता. पण त्यांची भाषा ओसरीवरची आणि चुलीपुढची आहे. तीत म्हणी आहेत, टोमणे आहेत, घरगुती उपमा आहेत. एकामागून एक प्रश्न येतात, वाक्य लांबत जाते, मध्येच वळते, आणि शेवटी असा फटका देते की वाचणारा दचकतो. कोठे कोठे त्यांचा संताप मुद्द्याच्या पुढे धावतो, हेही खरे. पुस्तकात जागोजागी फाटे फुटतात. एखाद्या शिस्तीच्या परीक्षकाने त्यांना गुण कापले असते.

मी स्वतः पुष्कळ वर्षे मराठी शिकविले आणि निबंधांच्या वह्या तपासल्या. एका वर्गाच्या चाळीस वह्या घरी आणाव्यात आणि चाळिसांत मिळून एकच निबंध वाचावा, असे कितीदा घडले! पाऊस प्रत्येक वहीत त्याच विशेषणांनी पडे आणि सूर्य त्याच उपमेने मावळे. त्यात दोष मुलांचा थोडा आणि आम्हां मास्तरांचा अधिक होता. फळ्यावर मुद्दे आम्हीच लिहून देत होतो. एकदा एका मुलीने मुद्दे बाजूस ठेवून, पावसात त्यांचे घर कसे गळते आणि रात्रभर भांडी कोठे कोठे मांडावी लागतात, ते लिहिले. मी तिला मुद्दे सुटले म्हणून दोन गुण कमी दिले. ते दोन गुण मला अजून आठवतात. ताराबाईंच्या पुढे फळा नव्हता, हे त्यांचे भाग्यच म्हणावयाचे.

परंतु घरच्या शाळेत एक मोठे उणेही होते, आणि ते पुस्तक प्रसिद्ध झाल्यावर उघडे पडले.

पुस्तकावर टीका झाली. विरोधी मंडळींनी ती करावी ह्यात नवल नव्हते. पण ज्या सत्यशोधक चळवळीत बापूजी वावरत होते, तिच्यातल्याही काहींना हे लिखाण फार तिखट वाटले. जातिभेदाविरुद्ध बोलणे त्यांना पटत होते. पण आपल्याच माजघरातून कोणी उठून आपल्याला आरसा दाखवावा, हे पचेना. त्यांच्या समाजाला एकजूट हवी होती, चारचौघांत मान हवा होता, आणि एका बाईने घरातल्या गोष्टी चव्हाट्यावर मांडल्याने तो मान जाईल असे त्यांना भय वाटले असावे. अशा वेळी स्वतः जोतीराव फुले ताराबाईंच्या बाजूने उभे राहिले. १८८५ साली त्यांनी ‘सत्सार’ नावाच्या आपल्या पत्रिकेच्या दुसऱ्या अंकात ह्या पुस्तकाचा कैवार घेतला आणि टीका करणाऱ्या आपल्याच सोबत्यांना खडसावले. चळवळीची एकजूट राखण्यासाठी एका लेकीचे तोंड बंद करावे, हे त्यांना मान्य नव्हते.

हेच जोतीराव १८८२ साली, म्हणजे ताराबाईंचे पुस्तक निघाले त्याच वर्षी, हंटर ह्यांच्या अध्यक्षतेखालील शिक्षण आयोगापुढे आपले निवेदन घेऊन गेले होते. सरकारचा पैसा मूठभरांच्या वरच्या शिक्षणावर जातो आणि ज्यांच्या करातून तो येतो त्या शेतकऱ्याच्या मुलांना साधे प्राथमिक शिक्षणही मिळत नाही, अशी त्यांची तक्रार होती. निदान बाराव्या वर्षापर्यंतचे शिक्षण सक्तीचे करावे, मोडी आणि बाळबोध लिहिणेवाचणे, हिशेब, इतिहास, भूगोल, व्याकरण ह्यांबरोबर शेतीचे आणि आरोग्याचेही ज्ञान शाळेत द्यावे, अशी त्यांची मागणी होती. मुलींच्या शिक्षणाचाही त्यांनी आग्रह धरला. त्याच आयोगापुढे पंडिता रमाबाईंचीही साक्ष झाली. रमाबाईंनाही संस्कृत विद्या घरीच, आईवडिलांकडून मिळाली होती; आणि त्यांचे पहिले मराठी पुस्तक ‘स्त्रीधर्मनीति’ हेदेखील १८८२ सालचेच. पुढे दोन वर्षांनी, १८८४ साली, पुण्यात मुलींची हुजूरपागा शाळा सुरू झाली.

म्हणजे पुण्यात चक्रे फिरू लागली होती. पण ताराबाई होत्या बुलढाण्यास. रमाबाई गावोगाव फिरल्या, सभांतून बोलल्या, त्यांनी आर्य महिला समाज स्थापन केला. त्यांच्याभोवती माणसे जमली. ताराबाईंना वर्गमैत्रिणी नव्हत्या. ज्या घराने त्यांना मोकळेपणाने विचार करावयास शिकविले, त्याच घराच्या भिंतींआड दुसरी शिकणारी मुलगी नव्हती, की जिला आपले लिहिलेले वाचून दाखवावे आणि जिच्याशी वाद घालावा. एखाद्या मुलाला तुम्ही घरी बसवून उत्तम शिकवाल. पण बाकावर शेजारी बसणारे मूल त्याला कोठून द्याल? मुक्ताला शाळा होती. तिच्यासारख्याच अडचणीतून आलेली दुसरी मुले तिच्या आजूबाजूस बसत होती. ताराबाई एकट्याच शिकल्या आणि एकट्याच लढल्या.

‘स्त्रीपुरुषतुलना’ हे ताराबाईंचे पहिले पुस्तक, आणि तेच शेवटचे. त्यानंतर त्यांनी काही प्रसिद्ध केल्याचे आढळत नाही. बत्तिसाव्या वर्षी इतक्या जोराने बोललेली बाई पुढची अठ्ठावीस वर्षे गप्प राहिली. टीकेने त्या खचल्या असतील, किंवा जे सांगावयाचे ते सांगून झाले असे त्यांना वाटले असेल. मला मात्र वाटते की समोरून उत्तर देणारा आवाज नसला म्हणजे चांगल्या वक्त्याचाही स्वर हळूहळू बसतो. १८९० साली जोतीराव गेले. १९१० साली ताराबाईही गेल्या. पाचशे प्रती ह्या घरातून त्या घरात गेल्या, माळ्यावर पडल्या, वाळवीने खाल्ल्या, आणि वाङ्मयाच्या इतिहासात त्यांच्या नावाला बहुधा जागा मिळाली नाही.

पुढे मराठीचे अभ्यासक डॉ. स. गं. मालशे ह्यांच्या हाती ह्या पुस्तकाची एक प्रत आली. तिचे मोल त्यांनी ओळखले आणि १९७५ साली, मूळ पुस्तक छापल्यास त्र्याण्णव वर्षे होऊन गेल्यानंतर, ‘स्त्रीपुरुषतुलना’ पुन्हा प्रसिद्ध केले. ते वर्ष जगभर महिला वर्ष म्हणून पाळले जात होते. वाचणारे थक्क झाले. स्त्रियांच्या हक्कांविषयी जे प्रश्न नवे म्हणून मांडले जात होते, त्यांतले कित्येक वऱ्हाडातील एका बाईने शंभर वर्षांपूर्वी विचारून ठेवले होते. १९९४ साली रोझलिंड ओ’हॅनलन ह्या इंग्रज विदुषीने त्याचे इंग्रजी भाषांतर केले, आणि मग दूरदूरच्या विद्यापीठांतून त्याचा अभ्यास होऊ लागला.

ज्या वेळी हा निबंध लिहिला गेला, त्या वेळी बुलढाण्याची मुलगी शाळेत जाऊन तो वाचील अशी सोय नव्हती. आज घाटाखालच्या मोताळ्यापासून मेहकर-लोणारपर्यंत मुलींनी भरलेल्या शाळा आहेत, आणि ग्रंथालयात मागितले तर ताराबाईंचे पुस्तक मिळते. ते जुन्या वळणाच्या मराठीत आहे. पहिली दोनचार पाने थोडी जड जातील. तेथे एखाद्या मोठ्या माणसाला शेजारी बसवून घ्यावे.